जुनापाणीची शिळावर्तुळे

जुनापाणी हे नागपूरच्या वायव्येला, काटोलच्या रस्त्यालगतचे ठिकाण. तिथल्या बरड टेकड्यांच्या माथ्यांवर आणि उतारांवर मोठमोठ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे विखुरलेली आहेत. प्रत्येक वर्तुळाच्या आतली जमीन भोवतालापेक्षा थोडी उंच, मध्याकडे फुगलेली असते. पावसाने आणि गुरांच्या पायांनी झिजून हा उंचवटा आता पुष्कळ ठिकाणी हातभरही उरलेला नाही. गवत वाढले की तो दिसतही नाही, फक्त धोंड्यांची गोल रांग दिसते. पुरातत्त्वज्ञ या रचनेला शिळावर्तुळ म्हणतात. तिच्या पोटात माणसांच्या अस्थी, मातीची भांडी, लोखंडी हत्यारे आणि कधी कधी घोड्याची हाडे सापडतात. ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते इ.स.पू. ३०० या काळातली ही दफने आहेत. विदर्भात लोखंड घडवणारे आणि वापरणारे पहिले लोक ज्यांना म्हणता येईल, त्यांची ही स्मारके.

जुनापाणीची वर्तुळे संख्येने जास्त आणि शहराला जवळ म्हणून त्यांचे नाव अधिक झाले, पण ती एकटी नाहीत. नागपूर जिल्ह्यातच माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, बोरगाव, हिंगण्याजवळचे रायपूर अशी ठिकाणांची मोठी मालिका आहे. वर्धा जिल्ह्यात खैरवाडा आहे. भंडारा आणि चंद्रपूरकडे गेले की रचनेचा प्रकार बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरला दगडाच्या फरशा उभ्या करून वर छतासारखी फरशी टाकलेली शिळागृहे आहेत. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू आणि केरळ या भागांत अशा महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांच्या, दफनांचा विस्तार फार मोठा आहे. महाराष्ट्रात मात्र ती जवळपास सगळी विदर्भात एकवटली आहेत, उरलेल्या भागांत तुरळकच.

वर्तुळांसाठी निवडलेली जागा आधी पाहावी, कारण ती निवड बरेच सांगून जाते. नागपूरच्या परिसरात दोन तऱ्हेच्या जमिनी शेजारी शेजारी असतात. नदीनाल्याकाठी खोल काळी माती, आणि तिच्यातून वर आलेल्या मुरमाड, दगडाळ टेकड्या, ज्यांना शेतकरी बरड म्हणतो. बरडावर पीक येत नाही. गुरे चारायची आणि सरपण आणायचे एवढाच तिचा उपयोग. शिळावर्तुळे बहुतेक अशा बरडावर आहेत. वस्तीच्या खुणा सापडतात त्या खाली, पाण्याच्या आणि काळ्या मातीच्या कडेला. जिवंत माणसांना पोसणारी जमीन मृतांसाठी अडवायची नाही, हा हिशेब त्यामागे असावा. पण तेवढाच नसावा. टेकडीवरचे वर्तुळ खालच्या शेतातून, वाटेवरून, नाल्याच्या पात्रातून दिसते. पूर्वज तिथे वर आहेत हे रोज दिसत राहावे, अशीही इच्छा या निवडीत दिसते.

वर्तुळाची बांधणी वरवर साधी वाटते. जागा साफ करून, कधी उथळ खड्डा घेऊन, तिथे मृताच्या अस्थी आणि त्याच्यासोबत द्यायच्या वस्तू ठेवत. भोवती काळ्या फत्तराचे न घडवलेले धोंडे गोलाकार मांडत. वर्तुळाचा व्यास साधारण १० ते २० मीटर, काहींचा त्याहूनही जास्त. कडेचे धोंडे एकट्यादुकट्याला हलणारे नाहीत. एकेक धोंडा आणण्यासाठी अनेक माणसे, दोर आणि लाकडी ओंडके लागले असणार. मग आतली जागा माती आणि दगडगोट्यांनी भरत.

ही भरावाची माती नीट पाहण्यासारखी आहे. टेकडी मुरमाची, पण वर्तुळाच्या पोटात मिळते ती चिकट काळी माती. टेकडीवर ती निसर्गतः नाही. याचा अर्थ ती खालून, शेतातून किंवा नाल्याकाठून, पाट्यांनी भरून वर वाहून आणलेली आहे. पंधरा-सोळा मीटर व्यासाच्या वर्तुळात हातभर जाडीचा थर द्यायचा म्हटला तरी हजारो पाट्या माती लागते. जी माती पीक देते तिच्याखाली आपला माणूस झाकायचा, असा काही संकेत त्या लोकांच्या मनात असावा. पुरातत्त्वाच्या कामासाठी ही माती लाभाची आणि तोट्याचीही ठरली. तिने दफन बंदिस्त केले, पण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती हाडांना आणि भांड्यांना दरवर्षी थोडे थोडे चिरडत राहिली. त्यामुळे वर्तुळांतल्या अस्थी बहुधा मोडक्या आणि ठिसूळ मिळतात. खापरांचा ढीग जुळवत बसावे लागते.

या वर्तुळांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात शाळा चालवणारे स्कॉटिश मिशनरी भूगर्भाचे, जीवाश्मांचे आणि इथल्या आदिवासी भाषांचे जिज्ञासू अभ्यासक होते. टाकळघाटची वर्तुळे त्यांनी पाहिली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पुराच्या नाल्यात ते बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांनी आदिवासींविषयी जमवलेली टिपणे टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाच्या शोधाची सुरुवात अशी एका मृत्यूने झालेली आहे.

त्यानंतर काही वर्षांतच कामठीच्या छावणीतले मेजर जॉर्ज पिअर्स यांनी छावणीपासून मैलभर अंतरावरच्या एका मोठ्या दफन-उंचवट्याचे उत्खनन केले आणि त्याची हकिकत १८६९ साली लंडनच्या नियतकालिकात छापली. जुनापाणीला पहिले खोदकाम जॉन हेन्री रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने केले. १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मध्य भारतातल्या या अवशेषांवर लेख लिहिला. त्यांच्या खोदकामातल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या पहिल्या पिढीची दृष्टी त्यांच्या काळाची होती. युरोपात टेकड्यांवर दगडांची वर्तुळे आणि दफनांचे उंचवटे त्यांनी पाहिलेले होते, त्यामुळे नागपूरची वर्तुळे त्यांना ओळखीची वाटली. रिव्हेट-कारनॅक यांना जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीच्या आकाराचे छोटे खळगे ओळीने कोरलेले दिसले. तसेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवरही असल्याने दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे असावेत, अशी कल्पना त्यांनी लढवली. वर्तुळे बांधणारे लोक शक होते, मध्य आशियातून घोडे दौडवत आले होते, असाही तर्क त्या काळी चालत होता. हे तर्क आज टिकत नाहीत. मोठे दगड गोल मांडून मृतांची जागा राखणे हे जगात अनेक ठिकाणी, अनेक काळांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी केलेले आहे. ब्रिटनमधली पुष्कळ वर्तुळे तर विदर्भातल्या वर्तुळांपेक्षा हजारो वर्षे जुनी आहेत. खळग्यांचा अर्थ मात्र अजून वादात आहे. त्यांच्या दिशांचा आणि आकाशातल्या ताऱ्यांचा संबंध जोडण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. जागेवरून हललेले आणि कलंडलेले धोंडे पाहता त्या निष्कर्षांवर भिस्त ठेवण्यात घाई होईल.

त्या काळच्या उत्खननांचा खरा दोष तर्कांत नव्हता, पद्धतीत होता. वर्तुळाच्या मध्यावर भोक पाडायचे, हाताला लागेल ती वस्तू काढायची, आणि माती, खापरे, हाडांचे तुकडे बाजूला टाकायचे. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी होती याची नोंद क्वचितच झाली. त्यामुळे संग्रहालयात वस्तू पोहोचल्या, पण त्यांच्याबरोबर येऊ शकणारी माहिती टेकडीवरच नष्ट झाली.

शिस्तीचे उत्खनन जुनापाणीला १९६१-६२ मध्ये झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तिथली तीन वर्तुळे थरांच्या नोंदी ठेवत उघडली. वरवर सारख्या दिसणाऱ्या वर्तुळांची आतली रचना सारखी नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पण विदर्भाच्या महापाषाणीय संस्कृतीचे चित्र ज्यांच्यामुळे उभे राहिले ते शां. भा. देव. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातून त्यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० नंतर माहुरझरी येथे उत्खनने केली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर अ. प्र. जामखेडकर यांच्याबरोबर त्यांनी नायकुंडचे काम केले. रायपूरची वर्तुळे गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी खणली. देवांच्या कामाचे मोल एका निर्णयात आहे: त्यांनी वर्तुळांबरोबर त्यांच्या शेजारची वस्तीही शोधली. टाकळघाटला घरे आणि लगत खाप्याला दफने, अशी जोडी हाती आल्यावर मृतांची आणि जिवंतांची भांडी, हत्यारे शेजारी ठेवून पाहता आली. मिळालेल्या कोळशाच्या कालमापनाने टाकळघाटची वस्ती इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची ठरली.

विदर्भाच्या वर्तुळांना दक्षिण भारतातल्या इतर दफनांपासून वेगळे करणारी ठळक गोष्ट म्हणजे घोडा. जुनापाणी आणि माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांच्या अस्थींबरोबर घोड्याची हाडे मिळाली. माहुरझरीला त्यातल्या काही हाडांवर धारदार हत्याराचे घाव होते, म्हणजे धन्याच्या मृत्यूनंतर त्याचा घोडा मारून सोबत पुरला जात असावा. लोखंडी कडियाळी, म्हणजे घोड्याच्या तोंडात अडकवायचा लगामाचा भाग, अनेक ठिकाणी सापडली. घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे, उठावाच्या टिकल्यांचे दागिनेही मिळाले. नांगराला किंवा ओझ्याला जुंपलेल्या जनावराला असा साज कोणी चढवत नाही. हा स्वारीचा, मानाचा घोडा होता. घोड्यांची चांगली पैदास ही विदर्भाच्या हवामानातली सहज गोष्ट नव्हे, त्यामुळे ही जनावरे किंवा त्यांची मूळ वंशावळ उत्तरेकडून देवघेवीत आली असणे संभवते. त्यावरून समाजात घोडा बाळगणारे आणि न बाळगणारे असा भेद होता, हेही उघड होते.

दुसरी गोष्ट लोखंड. विदर्भातल्या वर्तुळांत लोखंडी वस्तूंचे प्रमाण आणि विविधता लक्षणीय आहे. सपाट कुऱ्हाडी, कुदळी, छिन्न्या, भाल्याची पाती, बाण, कट्यारी, पळ्या, दिवे, नखे काढायच्या नराण्यासुद्धा. कुऱ्हाडीवर आडव्या पट्ट्या बसवून ती दांड्याला घट्ट करायची युक्ती ही या लोहारांची खास ओळख. माहुरझरीला तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार मिळाली. दोन धातू एकत्र बसवण्याचे कसब त्यात दिसते. पण वस्तू पाहून एक प्रश्न उरतोच: हे लोखंड बाहेरून आले की इथेच गाळले? त्याचे उत्तर नायकुंडने दिले. पेंच नदीकाठच्या या वस्तीत लोखंड वितळवण्याची भट्टीच मिळाली. वळणदार मातीच्या विटांनी रचलेली छोटी गोल भट्टी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, शेजारी धातुमळीचे ढेकूळ. इ.स.पू. ७०० च्या आसपासची ही भट्टी भारतातल्या जुन्या लोहभट्ट्यांच्या नोंदींत महत्त्वाची मानली जाते. एका साध्या खेड्यात धातू गाळण्याचे काम चालत होते, हे तिने दाखवले. लोखंडी हत्यार राजाच्या शस्त्रागारातली दुर्मीळ चीज नव्हती; खेड्यातला लोहार ते गाळून घडवत होता.

लोखंडाशेजारी तांबे आहे, पण त्याचे काम वेगळे. हत्यारे लोखंडाची आणि शोभेच्या वस्तू तांब्याच्या, अशी वाटणी साधारण दिसते. तांब्याच्या भांड्यांच्या झाकणांवर मुठीच्या जागी पक्षी बसवलेले आहेत. बांगड्या, अंगठ्या आहेत, थोडे सोनेही आहे. माहुरझरीचे नाव मण्यांसाठी विशेष घ्यावे लागते. अकीक, कार्नेलियन, स्फटिक, जास्पर या दगडांचे मणी तिथे घडत होते. काही मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी उमटवलेली आहे. दख्खनच्या काळ्या फत्तरातच अकीकाचे गोळे मिळतात, त्यामुळे कच्चा माल पायाखालीच होता. हा धंदा महापाषाणीय काळानंतरही तिथे शतकानुशतके टिकला. वर्तुळांतले भांडे म्हणाल तर आतून व कडेला काळे आणि खाली लाल असे भाजलेले, आणि अभ्रकाची चमक असलेले तांबडे, हे दोन प्रकार नेहमीचे. अभ्रकमिश्रित भांडी ही विदर्भाची स्वतःची खूण आहे.

हे लोक राहत कसे, यावर बराच वाद झाला. दफने शेकड्यांनी आणि वस्त्यांचे थर मात्र पातळ, हे पाहून लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ सालच्या ग्रंथात या दफनांमागचे लोक फिरते पशुपालक असावेत असे मांडले. घोड्यांमुळे ही कल्पना आकर्षक वाटते. पण नायकुंड आणि भागीमोहारीच्या वस्त्यांनी तिला मर्यादा घातली. तिथे लाकडी खांबांच्या झोपड्यांच्या जमिनी मिळाल्या, आणि तांदूळ, गहू, मसूर, वाटाणा यांचे जळलेले दाणे मिळाले. गुरेढोरे तर होतीच. खरिपात भात आणि रब्बीत गहू-मसूर घेणारा माणूस वर्षभर फिरता राहू शकत नाही. शेती आणि जनावरे दोन्ही सांभाळणारी, काही पिढ्यांनी जागा बदलणारी खेडी, हे चित्र पुराव्याला अधिक जुळते. काळ्या मातीवर पीक घेणारे आणि बरडावर गुरे चारणारे लोक त्याच बरडावर आपले मृत ठेवत होते, असे म्हटले की टेकडी आणि वस्ती यांचा मेळ बसतो.

सगळ्यांना असे दफन मिळत नव्हते. जुनापाणीची ३०० वर्तुळे पाचसहा शतकांवर विभागली तर दोन वर्षांत जेमतेम एक वर्तुळ पडते. काही वर्तुळांत एकाहून जास्त माणसांच्या अस्थी आहेत हे धरले तरी आसपासच्या खेड्यांत मेलेल्यांपैकी फार थोडे या टेकडीवर पोहोचले. पुष्कळ वर्तुळांत पूर्ण सांगाडा नसतो, निवडक हाडेच असतात. देह आधी दुसरीकडे ठेवून किंवा पुरून, नंतर योग्य वेळी अस्थी गोळा करून त्यांचा विधीपूर्वक मोठा संस्कार करायचा, अशी पद्धत त्यावरून दिसते. धोंडे ओढायला, माती वाहायला, जेवणावळ घालायला माणसे आणि धान्य जमेपर्यंत थांबावे लागत असणार. मृतांसाठी दगड उभारण्याची रीत गडचिरोली आणि बस्तरच्या माडिया गोंडांमध्ये अलीकडच्या काळापर्यंत चालत आली आहे. दोन रीतींमध्ये थेट वारसा सांगायला मध्ये फार मोठा काळ गेला आहे. पण धोंडा ओढण्यासाठी गाव कसे एकत्र येते, त्या दिवशी कोणाचे काय देणे लागते, हे समजून घ्यायला माडियांची रीत पुस्तकी तर्कापेक्षा जास्त उपयोगी पडते.

विदर्भाच्या इतिहासात या वर्तुळांनी एक मोठी पोकळी भरून काढली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जोर्वे संस्कृतीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इ.स.पू. १००० नंतर ओसरत गेल्या. मौर्य-सातवाहन काळातली अडम, पवनी, कौंडिण्यपूर ही नगरे त्यानंतर काही शतकांनी उभी राहिली. शिळावर्तुळांचा शोध लागण्याआधी मधल्या काळात विदर्भ ओसाड अरण्य होते असे सहज मानले जाई, आणि नागरी जीवन उत्तरेकडून एकाएकी आले असे समजले जाई. वर्तुळे आणि त्यांच्या वस्त्या हे खोडून काढतात. लोखंड गाळणारी, मणी घडवणारी, दोन हंगामांची पिके घेणारी, दूरवरून घोडे आणणारी खेडी नगरांच्या आधी इथे होती. पवनीचे स्तूप किंवा अडमची तटबंदी ज्यांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांचे पूर्वज बरडावरच्या या वर्तुळांत शोधावे लागतील.

जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातली अनेक शिळावर्तुळे राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके म्हणून संरक्षित आहेत. तरी त्यांचा नाश करणारी कारणे रोजची आहेत. बरड जमीन मुरमासाठी खणली जाते, तिच्यावर भूखंड पडतात, रस्ते जातात. शेत वाढवताना बांधाला दगड हवा म्हणून वर्तुळातला धोंडा उचलला जातो, आणि धन सापडेल या आशेने मध्यावर खड्डा पाडला जातो. थोड्या दागिन्यांपलीकडे धन तिथे नव्हते. एकदा उकरलेल्या वर्तुळातून गंजलेली कुऱ्हाड हाती येते, पण ती कोणाच्या हाडाशेजारी, कोणत्या मातीत, घोड्याच्या कोणत्या बाजूला होती हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा किंवा चंद्रपूर भागात बरडावर धोंड्यांची गोल रांग आणि आत काळ्या मातीचा उंचवटा दिसला, तर दगड जागचा हलवू नये, आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला ती जागा कळवावी.